तीन पाण्यांचे तांदूळ

डब्याचं झाकण मी उलथन्याच्या टोकाने उचकटलं. आवाज होऊ नये म्हणून डब्याखाली रेवाच्या दुपट्याची घडी ठेवली होती. आत्या मागच्या दारी रेवाला तेल लावत बसल्या होत्या. त्यांचं "हात कुठं गं बाळीचं, पाय कुठं गं बाळीचं" ऐकू येत होतं, तोवर मला वेळ होता.

झाकण निघालं. तांदूळ काठोकाठ भरलेले होते. आणि वर, बरोबर मधोमध, काळ्या दोऱ्यात ओवलेले पाच बिब्बे.

मी हात मागे घेतला. माझ्या मावसबहिणीच्या गालावर लहानपणी बिब्बा उतला होता. तिचा तो डाग लग्नाच्या फोटोतही झाकता आला नव्हता. आणि हा डबा माझ्या मुलीसाठी म्हणून वेगळा काढलेला होता. आत्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, पोरीचं ह्यातलंच घ्यायचं.

दोऱ्याला न शिवता मी कडेने दोन बोटं तांदळात खुपसली. बाहेर काढली तर बोटांवर पांढरी भुकटी.

"गौतमी, टॉवेल आण गं," मागच्या दारातून हाक आली.

"आले आत्या."

मी झाकण दाबून बसवलं. बोटं साडीला न पुसता नळाखाली धरली, दोनदा साबण लावला, आणि मग टॉवेल घेऊन गेले.

सासूला आत्या म्हणायचं हे मला लग्नानंतर कळलं. माझं माहेर नाशिकचं. गडहिंग्लजजवळच्या एका साखर कारखान्यात माझे यजमान धैर्यशील बॉयलर विभागात होते. कॉलनीत आम्हाला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे छोटीशी पडवी होती. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. आत्या त्या भागातल्या बायकांसारखं "मी आलो, मी करतो" असं बोलायच्या. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. रेवा झाल्यावर गंमत कमी कमी होत गेली.

भांडण मे महिन्यात झालं होतं. रेवा तेव्हा पाच महिन्यांची. आत्यांच्या भावाच्या शेतातला घनसाळ तांदूळ आला होता, दोन पोती, वर्षाची बेगमी. हॉलभर चादरी अंथरून आत्यांनी तांदूळ पसरला आणि शेजारी बोरिक पावडरीचा पुडा आणून ठेवला. कॅरमवर टाकतात तीच.

"आत्या, ही तांदळाला लावणार?"

"मग काय तुझ्या तोंडाला?" आत्या हसल्या. "दर साली लावतो की. न्हाईतर पावसाळ्यात टोके होत्यात, सगळं पोतं चालाय लागतंय."

"पण हे पोटात जातं. रेवा आता महिन्याभरात खायला लागेल."

"धुतल्यावर कुठलं पोटात? तीन पाण्यानं धुवायचं. तिसरं पाणी नितळ आलं की झालं. माझी दोन्ही पोरं ह्यावरच वाढली. एक तर तुझ्या म्होरंच बसलाय बघ, हत्तीगत."

हत्ती पेपरामागून म्हणाला, "मला मध्ये घेऊ नका."

मी गृहविज्ञानाची पदवीधर. तांदूळ तीन-तीन पाण्यांनी चोळून धुतले की त्यातली जीवनसत्त्वं वाहून जातात, हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेलं होतं. ते मी आत्यांनाही सांगितलं, बहुतेक परीक्षेत लिहावं तसंच.

आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे एवढी वर्षं आमची मोरीच बाळसं धरत होती म्हण की."

धैर्यशील खो खो हसले. मला रडू आलं. रेवाला उचलून मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "आई, ह्या वर्षी राहू दे ती पावडर. बाळ आहे घरात."

मग पुडा बांधल्याची कागदाची खसखस.

"बरं," आत्या दारापाशी येऊन म्हणाल्या. "रेवाक्काच्या पोटात जाणार न्हाई. झालं?"

मला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी मी रेवाला लस द्यायला घेऊन गेले. परत आले तोवर तांदूळ भरूनही झाले होते. ओट्याखाली पत्र्याची मोठी कोठी आणि वर फळीवर हा लहान डबा. आत्या म्हणाल्या, "पोरीचं ह्यातलं घ्यायचं. कोठीतलं न्हाई."

"का? कोठीत काय आहे?"

"काय असणार? तांदूळ." त्या फडकं पिळत होत्या. फडक्यातलं पाणी संपलं तरी पिळत होत्या. "हे निवडून येगळं काढलंय तिच्यासाठी, एवढंच."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते न पाहणं मी लक्षात ठेवलं. बाळंतपणानंतर माझ्या सगळंच लक्षात राहायला लागलं होतं. कोण हात न धुता तिला घेतं, कोण तिच्या तोंडाजवळ तोंड नेतं, आत्यांच्या पदराला कसला वास येतो. रात्री झोप लागायच्या आधी मी ही यादी मनात म्हणायचे.

तर जूनमधल्या त्या सकाळी, तेल-अंघोळ होऊन रेवा झोपल्यावर, मी मोठी कोठीही उघडून पाहिली. वर काही नव्हतं. बिब्बा नाही, दोरा नाही. मी कोपरापर्यंत हात घातला. थंड, गुळगुळीत दाणे बोटांतून सरसर निसटले. हात बाहेर काढून उजेडात धरला. भुकटीचा कण नाही.

मी तिथंच जमिनीवर बसून राहिले. म्हणजे सगळ्या घराचे तांदूळ स्वच्छ आणि माझ्या मुलीच्या तांदळाला पांढरी भुकटी, वर काळा दोरा. पावडर लावली नाही असं सांगून नेमकी तिच्याच डब्यात लावली होती. का? माझ्यावर मात करायला? की आणखी काही? रेवाच्या पाळण्याला त्यांनी काळ्या दोऱ्यात काहीतरी बांधलं होतं, ते मी आठवड्यापूर्वीच कापून टाकलं होतं. तेव्हाही त्या काही बोलल्या नव्हत्या.

धैर्यशीलना सांगावं, असं मनात आलं. पण त्यांनी आईला विचारलं असतं, आईने काहीतरी हसण्यासारखं उत्तर दिलं असतं, ते हसले असते. मी नाही सांगितलं. मी फक्त ठरवलं.

सहावा महिना भरला तसं मी रेवाचं खिमट करायला घेतलं. तांदूळ आणि मूगडाळ भाजून भरड दळायची आणि पाण्यात मऊ शिजवून भरवायची. रीतीप्रमाणे तांदूळ आधी धुवून सावलीत वाळवतात. पण आमच्याकडे पाऊस धरला की आठ-आठ दिवस रेवाचे लंगोटसुद्धा वाळत नसत. ओले तांदूळ आंबले असते. शिवाय धुण्याबद्दलचं माझं मत ठाम होतंच. मी मोठ्या कोठीतले तांदूळ घेतले, कोरड्या पंच्याने पुसले आणि मंद आचेवर भाजले.

आत्या पडवीतून आत आल्या. "वास झकास सुटलाय. लहान डब्यातलं घेतलंस न्हवं?"

"हो."

"धुतलंस?"

"हो."

"किती पाण्यानं?"

"तीन, आत्या."

"शाणी माझी बाय ती," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

त्यानंतर ही प्रश्नोत्तरं दर पंधरा दिवसांनी व्हायची, कारण दर पंधरा दिवसांनी मी नवी भरड करायचे. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. लहान डबा फळीवर तसाच होता. मी त्याच्यावरची धूळसुद्धा पुसायचे, वापरात असल्यासारखा दिसावा म्हणून.

एकदा आत्यांनी वाटीच्या काठावरचं खिमट बोटाने चाटून पाहिलं.

"जरा कडूशार लागतंय गं."

"भाजल्याची चव आहे ती."

"असंल." त्यांनी पुन्हा एकदा बोट चाटलं. वाटी नाकाजवळ नेऊन वास घेतला.

जुलैच्या शेवटी रेवा उलट्या करायला लागली. मोठ्या नाहीत, खाल्ल्यावर थोडं थोडं बाहेर. मग पातळ शी. मग कानामागे लाली, मांड्यांच्या घडीत लाली. किरकिर इतकी की पाळण्यात टेकवली की किंचाळायची. आमच्या डॉक्टर कित्तूरबाईंनी पावसाळी पोट बिघडलं असेल म्हणून औषध दिलं, लालीवर मलम दिलं. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.

मी एक वही केली. शाळेची, दोनशे पानी. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, कोणी भरवलं. सकाळी नाचणीचं सत्त्व आत्या भरवायच्या. तिथे मी "आत्या" असं लिहून खाली रेघ मारायचे. दुपारी आणि संध्याकाळी खिमट मी भरवायचे. तिथे फक्त "मी".

"काय लिवतीस गं एवढं?" आत्यांनी विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिच्या उशीवर केस दिसले. जावळ नव्हे, ते कधीच काढलं होतं. नवे आलेले, मऊ, बोटभर केस, पुंजक्याने. मी ते कागदात गुंडाळून वहीत ठेवले. तळहात बघितले तर उकडल्यासारखे लाल, आणि बोटांच्या टोकाची साल निघत होती. मला वाटलं, बिब्बा. मी तर त्या डब्याला हात लावत नव्हते. मग दुसऱ्या कुठल्या वाटेने? तेलातून? सत्त्वातून? आत्यांच्या बटव्यात काय असतं हे कोणाला माहीत होतं?

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, उद्यापासून रेवाचं सगळं मी करणार. तेल नाही, सत्त्व नाही. तुम्ही तिला काही भरवायचं नाही."

आत्या भाकरी थापत होत्या. हात थांबला.

"माझ्या हातनं काय वाईट झालंय व्हय गं तिचं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"बोलली न्हाईस, पर बघतीस तशी." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "बरं. तुझी पोर हाय."

रात्री जेवताना धैर्यशील मला म्हणाले, "आई रडत होती." मी म्हटलं, "आत्यांना थोडे दिवस निपाणीला तुमच्या ताईंकडे पाठवा. रेवा बरी होईपर्यंत." त्यांनी ताटातला भात बाजूला सारला. मग म्हणाले, "सोमवारी सोडून येतो."

आता सगळं माझ्या हातात होतं. सत्त्व बंद झालं, म्हणून सकाळीही खिमट. तीन वेळा. दूध ती तोंडातून सोडून द्यायला लागली होती, म्हणून मी खिमट पातळ करून चमच्या-चमच्याने, रडू देत, पुसत, पुन्हा भरवत होते. वाटी संपली की वहीत लिहायचे, "पूर्ण." मला वाटायचं, पोटात काही गेलं तर ताकद येईल.

चार दिवसांत ती इतकी हलकी झाली की मला उचलायला भीती वाटायची. आत्या पडवीच्या उंबऱ्यावर बसून असायच्या. आत यायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, "खाल्लं का गं रेवाक्कानं?"

"खाल्लं."

"लहान डब्यातलंच देतीस न्हवं?"

त्यांच्या ह्या प्रश्नाने आता माझ्या अंगावर काटा यायचा. दाराआडच्या माणसाने कडी नीट लावलीस ना असं बाहेरून विचारावं, तसं.

"हो," मी म्हणायचे.

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता मी तिला मांडीवर घेऊन तिसरा चमचा तोंडात घातला. तो गिळला गेला नाही. तिची मान मागे गेली, डोळे एका बाजूला वळले आणि तिथेच राहिले. डावा हात कोपरातून झटके द्यायला लागला. चमचा कुठे पडला मला आठवत नाही. मला माझा आवाज आठवत नाही. आत्या उंबरा ओलांडून आत आलेल्या आठवतात, आणि त्यांनी तिला माझ्याकडून घेऊन कुशीवर वळवलं, बोटाने तोंडातलं खिमट काढलं, ते आठवतं. "धैर्या! गाडी काढ!"

डॉक्टर कित्तूरबाई दवाखान्याच्याच इमारतीत राहत होत्या म्हणून रविवार असूनही भेटल्या. झटके थांबायला सात मिनिटं लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी रेवाचे तळहात उजेडात धरले, तळवे पाहिले, डोक्यावरून हात फिरवला आणि हातात आलेले केस पाहिले. सलाईन लावलं.

"हे नुसतं पोट बिघडल्याचं नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या पोटात काय काय जातं?"

मी पिशवीतून वही काढून दिली. कागदात गुंडाळलेले केसही दिले. मला आठवतं, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. आता कळेल, असं वाटलं होतं.

बाई एकेक पान उलटत गेल्या. "आधी सत्त्व, आत्या... ही ओळ पाच तारखेला बंद झाली. त्यानंतर सगळं खिमटच. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आणि पाच तारखेपासून जास्तच बिघडलंय, बरोबर?" त्यांनी मान वर केली. "मी, मी, मी. सगळीकडे 'मी'च आहे. खिमट कशाचं करता?"

"घरचे तांदूळ आणि मूगडाळ."

"घरचे तांदूळ." त्यांनी वही मिटली. "तांदळाला काही लावता का? बोरिक पावडर?"

"नाही," मी लगेच म्हणाले. "ह्या वर्षी लावू दिली नाही मी."

धैर्यशीलनी मान हलवली. आत्या दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही.

बाई म्हणाल्या, "साहेब, घरी जाऊन बाळाच्या खाण्याचं जे जे आहे ते घेऊन या. तांदूळसुद्धा."

"मी जातो त्याच्यासंगट," आत्या म्हणाल्या. "मला ठावं हाय कुठं काय ते."

ते दोघं गेले. मी सलाईनच्या नळीतले थेंब बघत बसले. लहान डबा येईल, बाई उघडतील, बिब्बे दिसतील, मग सगळ्यांना कळेल. हे मी मनात पुन्हा पुन्हा घोळवत होते. आणि त्याच्या खालून, अगदी हळू, दुसरं काहीतरी वर येत होतं. बाईंनी बिब्ब्याचं विचारलं नव्हतं. पावडरीचं विचारलं होतं. आणि मी हात घातला होता त्या कोठीतले दाणे फार गुळगुळीत होते. कॅरमच्या सोंगट्या बोर्डावरून सरकतात, तसे.

अर्ध्या तासाने आत्या आल्या. मांडीवर लहान डबा घेऊन त्या बाकावर बसल्या. धैर्यशीलच्या हातात खिमटाची बरणी, डाळीची पिशवी आणि एका पातेल्यात कोठीतले तांदूळ.

"हे कशाचं?" बाईंनी डब्याकडे बोट केलं.

"पोरीचं येगळं काढलेलं," आत्या म्हणाल्या. "ह्याला काय लावलं न्हाई. गिरणीतनं आलं तसं, कोंड्याच्या भुकटीसकट भरलंय. किडं लागू नयेत म्हणून वर नुसतं बिब्बं ठेवल्यात." आणि झाकण काढलं.

तांदूळ काठोकाठ होते. पाच बिब्बे जिथल्या तिथे. कडेला माझ्या दोन बोटांचे जूनमधले दोन खड्डे अजून पुसटसे दिसत होते.

आत्या त्या डब्याकडे बघत राहिल्या. दोन महिने माझ्या मुलीने खाल्लेले तांदूळ त्या डब्यातून कमी झालेले नव्हते. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना काहीतरी कळत होतं आणि कळू नये असं वाटत होतं, तशी ती नजर होती.

"म्हणजे खिमट ह्याचं?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं.

"न्हाई," आत्या म्हणाल्या. त्यांनी झाकण लावलं, दोन्ही तळव्यांनी दाबून बसवलं. "कोठीतल्याचं. कोठीतल्याला पावडर लावलीया मी, दिसू नये म्हणून दाण्याला चोळून. पोरं नगं म्हणत होती तरी लावली, ही लसीला गेली तवा. वर्षाचं धान्य हाय, म्हटलं, धुवून तर खातोय. आणि हिला तांदूळ मीच काढून देत हुतो. डबा चुकला माझा."

"धुतले होते?"

आत्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी नजर खाली केली.

"न्हाई. पाऊस हुता. पुसूनच भाजलं."

धैर्यशील उभे राहिले. "आई, तू? तू न धुता तांदूळ दिलेस? तू?"

तो प्रश्न अगदी बरोबर होता. तीन पाण्यांखेरीज ज्या बाईने आयुष्यात भात टाकला नव्हता, ती हे सांगत होती. अजून एक क्षण त्यांनी तिथेच विचार केला असता, तर त्यांची मान माझ्याकडे वळली असती. पण ते विचार करत नव्हते. ते ओरडत होते. त्यांना आईवर ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "शिकलेली पोरगी सांगत होती ना तुला! एक गोष्ट ऐकली असतीस तर!" बाईंनी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. पावडर त्यांनीच लावली होती, लपवूनही ठेवली होती, हे खरंच होतं. पण उरलेलं सगळं माझं होतं.

आत्ता बोलेन, सलाईन संपल्यावर बोलेन, रेवाने डोळे उघडल्यावर बोलेन, असं करत मी बोलले नाही.

बाईंनी लघवीचा नमुना कोल्हापूरला पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेवाने माझं बोट धरलं. संध्याकाळी ती भुकेने रडली. ते रडणं वेगळं होतं, मला लगेच कळलं. बाई म्हणाल्या, "ही बोरिकचीच बाधा. वेळेत कळलं. लहान जीव आहे, भरून निघेल."

निपाणीला जाणं ठरल्याप्रमाणे सोमवारी नाही, पण बुधवारी झालं. आत्या पिशवी घेऊन दवाखान्यात रेवाला बघायला आल्या. धैर्यशील खाली गाडीतच बसून राहिले, वर आले नाहीत. रेवा झोपली होती. आत्यांनी तिला हात लावला नाही. लांबूनच बघितलं.

मी त्यांच्यामागून जिन्यापर्यंत गेले. "आत्या, तुम्ही का..."

"हळू. जागी व्हईल."

"मी सांगते त्यांना. आज सांगते."

त्या दोन पायऱ्या उतरल्या होत्या. मागे वळल्या. "काय सांगतीस? आणि सांगून काय व्हणार?" आवाज कोरडा होता. "अजून वीस वर्षं तिला तुझ्या हातनं खायचं हाय. माझं काय." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "कोठीतलं सगळं टाकून दे. लहान डब्यातलं दे तिला. धुवून."

ह्याला आता सहा वर्षं होतील. मी धैर्यशीलना सांगितलेलं नाही. आत्या निपाणीलाच राहतात. गौरी-गणपतीला आणि दिवाळीला येतात, आठ दिवस राहतात. धैर्यशील त्यांच्याशी नीट बोलतात. फक्त "आई, तू राहू दे, गौतमी बघेल," एवढं वाक्य दिवसातून दहादा येतं. तांदळाच्या फळीकडे आत्या जात नाहीत. आणि रेवाला काहीही द्यायचं असलं, चिक्कीचा तुकडा असो की सोललेलं संत्रं, तर त्या आधी मला हाक मारतात. मी जिथे असेन तिथून येऊन बघेपर्यंत वस्तू तळहातावर तशीच उघडी धरून बसतात.

गेल्या दिवाळीत मी मोरीपाशी तांदूळ धूत होते. पडवीतून हाक आली.

"गौतमी, बघ हं. करंजी देतोय पोरीला. तुझ्याच डब्यातली हाय."

"द्या आत्या."

"बघितलीस न्हवं?"

"बघितली."

रेवा आजीच्या मांडीला टेकून उभी होती. तिचे केस आता दाट आहेत, दोन वेण्या येतात. तिने करंजीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "आजी, तू सारखं आईला का दाखवतेस गं? तिला काय दिसत नाही का?"

आत्या हसल्या. तिच्या हनुवटीवरचं सारण त्यांनी पदराने पुसलं, मग एकदम थांबून माझ्याकडे पाहिलं, पुसलं तर चालेल ना, असं.

"दिसतं की," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला लई बारीक दिसतं. म्हणून तर."

पातेल्यात तिसरं पाणी नितळ आलं होतं, तळाचा दाणा न् दाणा दिसत होता. मी ते ओतून दिलं आणि चौथं घेतलं.